काम सातासमुद्रापार जाते तेव्हा

माझी एक भाची पुण्याला हिंजवडीत एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. २००६ साली ती तिथे नुकतीच लागली होती आणि तिला रात्रपाळी असे. आपण मंडळी दिवसभराचे काम उरकून घरी परतायचो त्या वेळेला ती डबा आणि स्वेटर घेऊन कोपऱ्यावर कंपनीच्या गाडीची वाट पाहत उभी असायची. एकदा मी सहज विचारले, "अगं, रात्र रात्र जागून तुम्ही करता तरी काय?" ती म्हणाली, "मामा, सध्या माझी केटी चालू आहे."

केटी म्हणजे काय हे मला अर्थातच ठाऊक नव्हते. तुमच्यापैकी ज्यांची मुले या धंद्यात आहेत त्यांच्या कानांवरून हा शब्द गेला असेल. 'नॉलेज ट्रान्स्फर' या शब्दांची ती आद्याक्षरे. एका माणसाच्या डोक्यात जे काम आहे ते दुसऱ्याच्या डोक्यात उतरवून द्यायचे, याला केटी म्हणतात. देणारा केटी देतो, घेणारा केटी घेतो. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीकडे हप्त्यांचा आणि दाव्यांचा हिशेब करणारा एक जुनापुराणा प्रोग्रॅम होता. तो सांभाळण्याचे काम तिथली एक बाई बावीस वर्षे करीत आली होती. आता ते काम पुण्याला यायचे ठरले होते. तेव्हा ती बाई तिकडे सकाळी आणि माझी भाची इकडे रात्री, अशा दोघी तीन महिने कानाला फोन लावून बसत होत्या. न्यूयॉर्क आणि पुणे यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते आणि हिवाळ्यात साडेदहा. कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळे पुढेमागे करतात, आणि ती केली की हिंजवडीतल्या पोरांच्या जेवणाच्या वेळा बदलतात.

भाची सांगे, "मामा, ओळ न् ओळ समजावून देते हो. एका ठिकाणी म्हणाली, ही ओळ तुला विचित्र वाटेल, पण हिला हात लावू नकोस. १९८७ साली एका राज्याने कायदा बदलला होता, त्या वेळच्या पॉलिश्या अजून चालू आहेत." मग जरा थांबून ती म्हणाली, "केटी संपली की तिची नोकरी संपणार. तिला ते पक्कं ठाऊक आहे. तरी एकदासुद्धा माझ्यावर चिडली नाही."

इंग्रजीत या व्यवहाराला ऑफशोअर आउटसोर्सिंग असे भारदस्त नाव आहे. अर्थ सोपा आहे. जे काम कंपनी आजवर आपल्या छपराखाली, आपल्या पगारी माणसांकडून करून घेत होती, ते परदेशातल्या दुसऱ्या कुणाला ठरलेल्या दराने करायला द्यायचे. याबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. कुणी म्हणतात, आमच्या पोरांनी अमेरिका जिंकली. कुणी म्हणतात, कसली जिंकली, साहेबाची हमालीच ती, पूर्वी पाठीवर होती, आता संगणकावर. मला या दोन्ही बोलण्यांत ती टेबलापलीकडची बाई कुठेच दिसत नाही. आणि खरे सांगायचे तर त्या विमा कंपनीचे काय झाले, तिला हा सौदा परवडला की नाही, हेही कुणी विचारीत नाही.

बाहेर काम देण्याची रीत आपल्याला मुळीच नवी नाही. इचलकरंजीला जा. तिथे 'खर्चीवाला' म्हणून ओळखला जाणारा यंत्रमागधारक तुम्हाला भेटेल. सूत व्यापाऱ्याचे, कापडाचा नमुना व्यापाऱ्याचा, विणून झालेले कापडही व्यापाऱ्याचेच. माग मात्र खर्चीवाल्याचे, शेड त्याची, विजेचे बिल त्याच्या नावाचे आणि मागापाशी उभा असलेला कामगारही त्याचाच. त्याला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर, आडव्या धाग्यांच्या मोजणीने. बाजार तेजीत असला की दोघांचेही बरे चालते. मंदी आली की व्यापारी सूत देणे थांबवतो. त्याचे भांडवल मोकळे राहते आणि दुसऱ्या धंद्यात फिरते. खर्चीवाल्याचे माग उभे राहतात आणि बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही. मुंबईकरांनी याचाच दुसरा प्रकार १९८२ च्या संपात पाहिला. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांचे भोंगे बंद झाले. पण कित्येक गिरण्यांच्या शिक्क्याचे कापड बाजारात येतच राहिले, कारण ते भिवंडीच्या मागांवर विणले जात होते. शिक्का एकाचा आणि माग दुसऱ्याचा, ही युक्ती आपल्या घरची आहे. एवढे चित्र डोळ्यांपुढे असू द्या.

आता सूत आणि कापड गाडीवर घालून न्यावे लागते. डोक्याचे आणि कागदाचे काम समुद्र ओलांडून धाडता येईल हे कुणाला कसे सुचले असेल? त्याची एक मौजेची हकीकत आहे. नरेंद्र पटनी हे अमेरिकेत एमआयटीत शिकलेले गृहस्थ. १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बोस्टनजवळच्या केंब्रिज गावी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी राहत्या घरातच एक प्रयोग केला. एका खोलीला नाव दिले 'अमेरिका' आणि दुसरीला 'इंडिया'. या खोलीतून त्या खोलीत काम पाठवायचे, पण तोंडाने एक अक्षर बोलायचे नाही. काय सांगायचे ते लिहून सांगायचे. नवराबायकोने एका घरात न बोलता दिवस काढायचा, हा प्रयोग इतरही घरांत अधूनमधून होत असतो, ते सोडा. त्यांना पाहायचे होते ते एवढेच, की हजारो मैलांवरचा माणूस निव्वळ लेखी सूचनांवर बिनचूक काम करू शकेल का. करू शकेल असे दिसले, आणि कागदावरचा मजकूर संगणकाला वाचता येईल अशा रूपात टंकून परत पाठवण्याचे काम पुण्यात सुरू झाले.

मला तर त्या दोन खोल्यांत पुढच्या पन्नास वर्षांची गोष्ट दिसते. जे लिहून देता आले ते इंडियाच्या खोलीत गेले. जे लिहून देता येत नव्हते त्याचे काय झाले, ते पुढे पाहू.

मधला इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, मी तो भरभर सांगतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुंबईत १९६८ साली निघाली आणि १९७४ मध्ये तिने अमेरिकेच्या बरोज कंपनीचे काम घेतले. १९७३ मध्ये अंधेरीला निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले. इन्फोसिसचा जन्म १९८१ साली पुण्याचा. दोन वर्षांनी ती बंगळूरला गेली आणि पुणेकर अजून हळहळतात. सुरुवातीला बहुतेक काम माणसे विमानात बसवून तिकडेच पाठवून होत असे. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने बंगळूरच्या कचेरीतून उपग्रहाच्या मार्फत थेट अमेरिकेशी जोडणी घेतली. मग सरकारने सॉफ्टवेअर पार्क काढले, समुद्राखालच्या तारा आल्या. आणि शतक संपत आले तशी जगाला एक धास्ती पडली. जुन्या प्रोग्रॅमांत वर्ष दोनच आकड्यांत लिहीत. २००० साल उजाडले की यंत्रे ते १९०० समजतील, अशी भीती. कोट्यवधी ओळी तपासायला माणसे हवी होती. ती आपल्याकडे होती. ते काम किचकट, कंटाळवाणे आणि तिकडच्या लोकांना नकोसे; पण त्या निमित्ताने तिकडच्या बँकांची आणि विमा कंपन्यांची कपाटे आपल्या पोरांसमोर उघडली गेली. २०२४-२५ पर्यंत या सबंध उद्योगाची उलाढाल वर्षाला सुमारे २८३ अब्ज डॉलरवर गेली आणि त्यात सुमारे ५८ लाख माणसे काम करू लागली, असे नॅसकॉम या उद्योगसंस्थेचा अंदाज सांगतो.

हे सारे कशाच्या जोरावर, असे विचाराल तर हुशारी आहेच, इंग्रजी आहेच. पण पायाचा दगड पगारातला फरक हा आहे. अमेरिकेत २०२४ साली सॉफ्टवेअर करणाऱ्या माणसाचा मधला पगार वर्षाला सुमारे १ लाख ३३ हजार डॉलर होता, म्हणजे एक कोट रुपयांच्या वर. आपल्याकडे मोठ्या कंपनीत नव्याने लागणाऱ्या इंजिनियरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास रुपये मिळतात, आणि हा आकडा कैक वर्षे जागचा फारसा हललेला नाही. एक अनुभवी आणि एक नवखा, तेव्हा ही तुलना बरोबरीची नव्हे, हे मला मान्य आहे. तरी दरी किती आहे ते त्यावरून कळते.

अमेरिकेत यावरून २००४ साली मोठा गहजब झाला. राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष ग्रेगरी मॅन्क्यू हे हार्वर्डचे प्राध्यापक. ते म्हणाले, सेवा परदेशातून घेणे हा व्यापाराचाच नवा प्रकार आहे, आणि शेवटी तो देशाच्या फायद्याचा आहे. निवडणुकीचे वर्ष! त्यांच्यावर विरोधकांनी तर झोड उठवलीच, पण त्यांच्याच पक्षाचे लोकप्रतिनिधी सभागृहाचे सभापतीही उलटले. शास्त्र म्हणून प्राध्यापक चुकले नव्हते. विम्याचा हिशेब स्वस्तात होऊ लागला तर त्याचा लाभ कोट्यवधी लोकांना होतो. पण तो होतो पैशापैशाने, इतका पातळ की कुणाच्या लक्षातही येत नाही. तोटा मात्र एका घरावर अख्खाच्या अख्खा येऊन पडतो, आणि त्या घरातली बाई पन्नाशीची असते.

अशा माणसाला हात द्यावा म्हणून त्या देशात १९६२ पासून एक कायदा होता. परदेशी आयातीमुळे ज्याची नोकरी गेली त्याला नवे शिक्षण मिळावे, अधिक काळ भत्ता मिळावा, अशी त्यात तरतूद. प्रोग्रॅमर मंडळींनी त्याखाली अर्ज केले. मजूर खात्याने विचारले, तुम्ही वस्तू कोणती तयार करीत होता? प्रोग्रॅम, असे उत्तर आले. खाते म्हणाले, प्रोग्रॅम तबकडीवर भरून खोक्यात घालून विकला तर ती वस्तू. तारेवरून पाठवला तर ती वस्तू नव्हे. आणि वस्तू नाही म्हणजे मदत नाही. पोलादाच्या कारखान्यातला कामगार बसत होता त्या चौकटीत, हिशेबाच्या टेबलाजवळची बाई बसत नव्हती. काम तेवढेच गेले होते, नोकरी तेवढीच गेली होती. लोक न्यायालयात गेले. २००६ मध्ये खात्याने आपले धोरण बदलले, २००९ मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन सेवेची कामे करणाऱ्यांना त्यात घेतले. पुढे ती सवलत कधी आखडली, कधी पुन्हा दिली. आणि १ जुलै २०२२ ला मुदत संपल्यावर नव्या अर्जांची मंजुरीच थांबली. साठ वर्षांचा कायदा असा विझला. माझ्या भाचीला केटी देणाऱ्या बाईंनी अर्ज केला होता की नाही, मला ठाऊक नाही. २००६ साली त्यांनी तो करायचा म्हटला असता तर आधी आपले काम ही 'वस्तू' आहे हे सिद्ध करावे लागले असते.

याहून बोचणारा प्रकार २०१५ च्या सुमाराला पुढे आला. फ्लॉरिडात ऑर्लँडोच्या डिस्ने कंपनीने संगणक विभागातल्या सुमारे अडीचशे माणसांना निरोप दिला. त्यांतल्या कित्येकांना अखेरचे आठवडे आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवावे लागले, आणि ते येणारे बरेचसे व्हिसावर आणलेले भारतीय होते. जागा बदलल्या की किती वेगळे वाटते पहा. आपण ती बातमी 'आपली मुले तिकडे गेली' अशी वाचली.

आता कंपनीकडे वळू. त्या विमा कंपनीचे असे झाले, की केटी झाली एप्रिल ते जून. डिसेंबरात वर्षअखेरचा हिशेब काढायची वेळ आली. प्रोग्रॅमचा तो भाग वर्षातून एकदाच चालत असे. केटीच्या तीन महिन्यांत तो कधी चालवलाच नव्हता, म्हणून त्याविषयी कुणी विचारले नव्हते आणि कुणी सांगितले नव्हते. तो अडला. पुण्यातली पोरे चार रात्री झोपली नाहीत. शेवटी तिकडच्या वरिष्ठांनी त्याच बाईंना तासाच्या बोलीवर परत बोलावले. पंधरा दिवस त्या आल्या. तासाला त्यांनी जो दर लावला तो ऐकून भाची म्हणाली, "बरं झालं!" आता ही पोर पुण्याच्या कंपनीची नोकर, पण तिच्या तोंडून निघाले ते हे.

बाईंचा पगार वाचला तो पहिल्या महिन्यापासून बचतीच्या रकान्यात दिसत होता. त्यांच्या डोक्यात वर्षअखेरचे काय आहे, हे मांडायला वहीत रकाना नव्हता.

हा एका टेबलाचा प्रकार झाला. तोच विमानाएवढा करून पाहायचा तर बोईंग कंपनीच्या ७८७ विमानाची हकीकत आहे. बोईंग जुनी, नाणावलेली, विमाने आपण स्वतः बांधणारी. २००४ मध्ये या नव्या विमानाचे काम हाती घेताना तिने ठरवले, की जोडणी तेवढी आपण करू. पंख जपानातून येतील, मधल्या धडाचे काही भाग इटलीतून, काही दक्षिण कॅरोलिनातून, आणि नुसते बांधकामच नव्हे, बऱ्याच भागांची आखणीसुद्धा त्या त्या भागीदाराने करावी. म्हणजे त्यांचा पैसा गुंतेल आणि आपला जोखमीचा भार कमी होईल. खर्चीवाल्याची आठवण होते ना? भाग आणण्यासाठी त्यांनी जुनी जंबो विमाने कापून फुगवून खास मालवाहू विमाने करून घेतली. ८ जुलै २००७ ला मोठा समारंभ करून विमान जगाला दाखवले. बाहेरून झगझगीत, आत पोकळ. भागीदारांनी आपली कामे पुढच्या ठेकेदारांना वाटली होती, त्यांनी आणखी पुढच्यांना. भाग अर्धवट अवस्थेत येऊन पडत होते. सांधे जोडायच्या खिळ्यांचाच तुटवडा होता, म्हणून समारंभापुरते तात्पुरते बसवले होते. त्या वर्षीच आकाशात जायचे ते विमान १५ डिसेंबर २००९ ला उडाले. मे २००८ मध्ये गिऱ्हाइकाला द्यायचे ते सप्टेंबर २०११ मध्ये जपानच्या ऑल निप्पॉन कंपनीला मिळाले. दरम्यान दक्षिण कॅरोलिनातल्या भागीदाराचा कारखाना बोईंगला स्वतः विकत घ्यावा लागला.

मौज अशी, की याची सूचना आधीच मिळाली होती. हार्ट-स्मिथ नावाचे बोईंगचेच एक इंजिनियर. त्यांनी २००१ साली कंपनीच्या सभेत एक निबंध वाचला होता. काम बाहेर दिले म्हणून खर्च जात नाही; बाहेरच्यांवर देखरेख करायला, त्यांचे भाग एकमेकांत बसतात का ते पाहायला जाणती माणसे घरातच लागतात; आणि सगळे बाहेर दिले तर नफाही बाहेरच जातो, अशा आशयाचे ते लिहिणे होते. २०११ मध्ये बोईंगच्या प्रवासी विमान विभागाचे तेव्हाचे प्रमुख जिम अल्बॉ यांनी जाहीरपणे मान्य केले, की महत्त्वाचे काम घराजवळ ठेवायला जेवढा खर्च आला असता त्याहून किती तरी अधिक ते सावरण्यात गेला. पुढे ते विमान चांगले खपले, हजाराहून अधिक दिले गेले, हेही सांगायला हवे. आणि सगळ्यांनाच हात पोळतात असेही नाही. नीट आखलेले, मोजता येणारे, वेळेचे बंधन असलेले काम बाहेर देऊन कित्येक कंपन्या वर्षानुवर्षे सुखात आहेत. डेल या संगणक कंपनीने २००३ च्या नोव्हेंबरात काही मोठ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याचे काम बंगळूरहून परत अमेरिकेत नेले, तरी तिचे इतर काम भारतात चालूच राहिले.

आता आपल्या बाजूला येऊ. आपल्याला लाभ झाला आहे, आणि तो लहान नाही. लातूरची, सांगलीची, जळगावची मुले-मुली, ज्यांच्या घरात आधी कुणी इंजिनियर नव्हते, ती पंचविशीत वाकडला घर घेतात, धाकट्या भावाचे शिक्षण करतात. माझ्या बहिणीने मुलीच्या पहिल्या पगारातून गॅसची नवी शेगडी घेतली तेव्हा मी तिथे होतो. ज्या घराने हे पाहिले त्याला हमालीची भाषा ऐकवू नये.

पण रात्रपाळीने झोप आणि पोट बिघडते, घरच्यांशी बोलणे सुटते. फोनवर काम करणाऱ्या मुलांना बरीच वर्षे नावे बदलून घ्यावी लागत. पलीकडच्याला आपला माणूस वाटावा म्हणून इकडचा संदीप तिकडे सॅम होई आणि शिव्या मात्र दोघेही खात. आणि २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यात जे घडले ते आमच्या घरात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही. रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा, तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीच्याच चालकाने आणि त्याच्या सोबत्याने घात केला. ती गाडी कंपनीची म्हणायची, पण होती ठेक्याची. पाहा, अमेरिकेने पुण्याला काम दिले, पुण्याने ने-आण दुसऱ्याला दिली. साखळीच्या टोकाशी जो माणूस उभा होता त्याला नेमताना कुणी पारखले होते, हा प्रश्न ती मुलगी गेल्यावर विचारला गेला. माझी बहीण त्यानंतर कित्येक महिने मुलगी पोचल्याचा फोन येईपर्यंत जागी राहायची.

साखळी लांबली की टोकाचा माणूस कुणाचाच राहत नाही, याचा याहून भयंकर दाखला बांगलादेशात मिळाला. ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वरच्या मजल्यांवर युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी कपडे शिवण्याचे कारखाने. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे दिसले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने दुसऱ्या दिवशी बंद राहिली. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर बोलावले गेले, कारण माल वेळेत जायचा होता. २४ तारखेच्या सकाळी इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे गेली, बहुसंख्य बायका. ढिगाऱ्यात सापडलेल्या चिठ्ठ्यांवरून कुणाचा माल होता ते शोधावे लागले. काही कंपन्या म्हणाल्या, आमचा माल तिथे शिवला जातो हे आम्हालाच ठाऊक नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात कामगार संघटना आणि मोठ्या कंपन्या यांच्यात इमारतींच्या व आगीच्या सुरक्षिततेविषयी करार झाला, आणि तो कायद्याने बंधनकारक होता. शिक्का ज्याचा त्याच्यावर मागाची थोडी तरी जबाबदारी त्यामुळे आली. ती आणायला हजारांवर जीव जावे लागले.

आपल्या संगणकवाल्यांवर असले संकट नाही, देव करो आणि न येवो. त्यांचे दुखणे निराळे. पगाराच्या फरकावर जे काम आले ते फरकाच्या मागेच पुढे जाते. फोनवरच्या कामात २०१० च्या सुमाराला फिलिपाइन्सने आपल्याला मागे टाकले. तिथले उच्चार अमेरिकन कानांना जवळचे. दुसरीकडे परदेशी कंपन्यांनी ठेकेदार मध्ये न घेता भारतातच आपल्या स्वतःच्या कचेऱ्या उघडल्या. २०२४ पर्यंत अशा केंद्रांची संख्या १,७०० च्या वर गेली आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक होते. देशाच्या दृष्टीने काम इथेच राहिले, छानच झाले. पण व्यापाऱ्याने स्वतःचे माग टाकले की खर्चीवाल्याचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यात आता यंत्रच ओळी लिहू लागले आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायरीवरची. या धंद्यात ज्याच्याकडे तूर्त काम नाही तो 'बेंचवर' असतो. शाळेत बाकावर उभे करीत त्यापेक्षा हे बसणे वाईट.

२०२५ च्या दिवाळीनंतर एका रविवारी मी भाचीकडे वाकडला गेलो होतो. तिची आता वीस वर्षे नोकरी झाली. चहा करताकरता म्हणाली, "मामा, आमच्या त्या विमा कंपनीने हैदराबादला स्वतःचं ऑफिस काढलंय. काम तिकडे चाललं."

मी विचारले, "मग तू?"

"मी केटी देतेय. एक मुलगा आहे, तेवीस-चोवीसचा. हुशार आहे. सगळं रेकॉर्ड करून घेतो, म्हणजे पुढे यंत्रालाही शिकवता येईल."

"आणि केटी संपल्यावर?"

ती बराच वेळ गाळणीतल्या चहाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "या वेळी मी वर्षअखेरचा भागसुद्धा चालवून दाखवला त्याला. काल त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, मॅडम, ही इथे कशाला आहे, काढून टाकू का? म्हटलं, नको रे, हिला हात लावू नकोस. १९८७ सालची भानगड आहे, त्या पॉलिश्या अजून चालू आहेत. तर म्हणतो, हे तुम्हाला कुठे लिहिलेलं सापडलं?"

"काय सांगितलंस?"

"त्या बाईंचं नाव सांगितलं. त्याने लिहून घेतलं."